जळत्या घराची तपासणी

बंबसाहेब पहिल्यांदा विहारात आले तेव्हा त्यांनी मूर्तीकडे पाहिलंच नाही, आधी दार पाहिलं. दाराशी चपलांचा हा ढीग. आत माणसं डोळे मिटून शांत बसलेली, आणि हे बाहेर उकिडवे बसून एकेक चप्पल भिंतीच्या कडेला लावताहेत. वंदना आटोपून लोक बाहेर आले, तर त्यांना वाटलं, काय हा नम्र माणूस, सगळ्यांच्या चपला लावतोय. दोघातिघांनी हातही जोडले. बंबसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, की बाहेर पडायची वाट अशी अडवून ठेवली तर पळताना पहिला माणूस चपलांत अडखळतो आणि मागचे सगळे त्याच्या अंगावर पडतात. ज्यांनी हात जोडले होते त्यांनी ते हळूच खाली घेतले.

बंबसाहेब हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं आगीच्या बंबावर गेली, पुढे इमारतींची तपासणी करणारे अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले, आणि लोकांनी बंब काही त्यांच्यापासून सोडवला नाही. नोकरी सुटली तरी तपासणी अंगातून सुटली नव्हती. नाटकाला गेले की तिसरी घंटा होईस्तोवर बाहेर पडायच्या वाटा बघून यायचे. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी हॉलच्या मागच्या दाराला भेटायचे, आणि त्या दाराला कुलूप असलं तर जेवण घशाखाली उतरायचं नाही. नातेवाइकांनी हळूहळू त्यांना बोलावणं कमी केलं. बंबसाहेबांनी त्याचा अर्थ असा काढला, की लोक हल्ली समारंभच कमी करतात.

बायको होती तोवर या सगळ्याला थोडाफार लगाम होता. दर रविवारी ती शेजारणीबरोबर विहारात वाचनाला जायची, हे घरी पेपर वाचत बसायचे. ती गेली, आणि काही महिन्यांनी तिच्या उशाशी विहारातून आणलेलं एक पुस्तक सापडलं. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं साहेबांच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून ते परत द्यायला गेले, आणि चपलांत अडकले ते अडकलेच. पुढच्या रविवारी चपला नीट लावल्यात की नाही ते बघायला गेले. त्याच्या पुढच्या रविवारी भंतेजींनी त्यांना आत बोलावून सतरंजीवर बसवलं.

वाचनवर्ग भंतेजी घेत. चाळिशीचा, शांत माणूस. हसू ओठांवर यायच्या आधी डोळ्यांत यायचं. एक जुना ग्रंथ काढायचे, गोष्ट सांगायचे आणि मग लोकांना बोलू द्यायचे. बोलण्यात सगळ्यात पुढे असायच्या निवृत्त प्राध्यापकबाई. बाईंना प्रत्येक गोष्टीत रूपक दिसायचं. ग्रंथात नदी आली की ती तृष्णा, होडी आली की तो धर्म, पलीकडचा काठ आला की ते निर्वाण. बंबसाहेब विचारायचे, होडी किती माणसांची? बाई डोळे मिटून घ्यायच्या. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. लिहिलंय ते लिहिलंय. लिहिणाऱ्याला दुसरं काही म्हणायचं असतं तर त्याने दुसरं लिहिलं असतं. त्यांनी आयुष्यभर अहवाल लिहिले होते, आणि त्यांच्या अहवालात धूर म्हणजे धूरच असायचा.

एकदा वर्ग चालू असताना ध्वनिक्षेपकाच्या वायरीतून चर्र आवाज होऊन ठिणगी उडाली. सगळ्यांच्या आधी, अनवाणी, बाहेर पोचल्या त्या प्राध्यापकबाई. साहेबांनी बटण बंद केलं, वायर उपसून काढली आणि बाहेर येऊन अगदी आदराने विचारलं, "बाई, हे कशाचं रूपक होतं?" बाई त्यांच्याशी पुढचे दोन रविवार बोलल्या नाहीत. वर्गाची मात्र चांगली करमणूक झाली.

अशा या वर्गात एका रविवारी भंतेजींनी जळत्या घराची गोष्ट काढली. एक श्रीमंत म्हातारा. त्याचं भलंमोठं जुनं घर, खांब कुजलेले, भिंतींचे पोपडे निघालेले, आत पाचशे माणसं आणि दार एकच, तेही अरुंद. एक दिवस चारी बाजूंनी एकदम आग लागते. म्हातारा बाहेर पडतो, पण त्याची पोरं आत खेळात दंग. तो हाका मारतो, आग आग म्हणून ओरडतो. पोरांना आग म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ती बापाकडे नुसती बघतात आणि पुन्हा खेळायला लागतात. शेवटी तो म्हणतो, बाहेर या, तुमच्यासाठी गाड्या आणल्यात. बोकडाची, हरणाची, बैलाची, ज्याला जी हवी ती घ्या. पोरं एकमेकांना ढकलत बाहेर येतात. बाहेर गाडी ना घोडा. पण पोरं जगली या आनंदात बाप प्रत्येकाला सांगितल्याहून मोठी, शुभ्र बैलाची, मढवलेली गाडी देतो.

पाचशे माणसं आणि एक दार एवढं ऐकतानाच बंबसाहेबांचा हात वर गेला होता. गोष्ट संपेपर्यंत तो तसाच होता. भंतेजींनी मान हलवली आणि साहेब सुटले. पाचशे माणसांना एक दार? या घराला परवानगी दिली कुणी? खांब कुजेपर्यंत हा मालक काय करत होता? पहिला गुन्हा दाखल व्हायला हवा तो बापावर. शिवाय आग चारी बाजूंनी एकदम लागत नसते. आग एका जागी लागते आणि मग पसरते. चारी बाजूंनी एकदम लागली असेल तर ती कुणीतरी लावलेली आहे, आणि ग्रंथात त्याचा तपास कुठेच नाही. हरीण गाडीला जुंपत नाहीत, हेही त्यांनी जाता जाता नोंदवलं.

वर्ग हसत होता. भंतेजींनी समजावलं, की घर म्हणजे हे जग, आणि चारी बाजूंची आग म्हणजे जन्म, म्हातारपण, आजार आणि मरण. ती खरोखरच सगळीकडून एकदम लागलेली असते. प्राध्यापकबाईंनी जिंकल्यासारखी मान डोलावली. साहेब म्हणाले, तसं असेल तर सरळ जन्म-मरण म्हणायचं, त्यात घराला कशाला ओढलं? घर आणलंत तर मग दुसरा जिना दाखवा.

पण गाड्यांचा विषय निघाला तसा त्यांचा सूर बदलला. बाप खोटं बोलला हे वाईट झालं, असं ते म्हणाले. आगीत अडकलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नसतं. जिना बंद असेल तर बंद आहे म्हणायचं, शिडी यायला वेळ असेल तर वेळ आहे म्हणायचं. कारण एकदा का त्याला कळलं की तुम्ही खोटं बोललात, की पुढे तुम्ही "उडी मार" म्हटलं तरी तो मारत नाही. हे त्यांनी इतकं हळू सांगितलं, की हसणाऱ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. भंतेजी म्हणाले, की बाप खोटं बोलला का, हा प्रश्न ग्रंथानेसुद्धा विचारलेला आहे. आपण पुन्हा कधीतरी बोलू. आणि वर्ग संपला.

साहेबांना ती गोष्ट इतकी का झोंबली, हे वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याही आयुष्यात एक जळतं घर होतं. म्हणजे अजून जळत नव्हतं, आणि तेच तर त्यांना नको होतं.

त्या घरात त्यांची ताई राहायची. आई लवकर गेली तेव्हा हे शाळेत नुकते जायला लागले होते, ताई दहा-बारा वर्षांनी मोठी. तिनेच त्यांना वाढवलं, चोपलं, शिकवलं. पुढे तिने टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केली, लोकांचे फोन जोडून दिले. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आता ती एका चौकातल्या तीन मजली इमारतीत अगदी वरच्या खोल्यांत एकटी राहत होती. आणि दीडेक वर्षापूर्वी त्या इमारतीत खाली गाद्यांचा कारखाना आला.

कारखाना म्हणजे फोम. खाली फोम कापायचे, मधल्या मजल्यावर फोमचे गुंडाळे छतापर्यंत रचायचे, आणि जागा पुरली नाही की जिन्यात. जिना एकच, लाकडी. फोम कसा पेटतो, त्याचा धूर किती काळा असतो आणि तो वर किती वेगाने चढतो, हे बंबसाहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या अधिकाऱ्याला सांगून त्यांनी मालकाला नोटीस धाडली. दोन दिवस फोम टेम्पोत बसून गावभर फिरला आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात परत आला. म्हणजे फोम काही हलणार नव्हता. हलवायची होती ती ताई.

पण ताई कसली हलतेय. साहेब एक दिवसाआड जायचे. धापा टाकत जिना चढायचे, गुंडाळ्यांना शिव्या घालत वर पोचायचे, तर वर रमीचा डाव रंगात आलेला. समोरच्या गल्लीतून दोन बायका रोज दुपारी यायच्या, एक शिंपीणबाई आणि दुसरी कंपाउंडरकाकू. शिंपीणबाईंना शिंपीण म्हणायचे कारण त्या शिंपी होत्या. कंपाउंडरकाकूंचा नवरा कधीकाळी दवाखान्यात औषधं बांधून द्यायचा आणि त्या अजूनही सगळ्यांना गोळ्या सुचवायच्या. साहेब दारातूनच सुरू व्हायचे. ताई, खाली अमुक इतका फोम वाढलाय. ताई, जिन्याचा दिवा उघड्या वायरीवर लटकतोय. ताई, धूर वर आला तर तुला दोन श्वास मिळतील, तिसरा नाही.

"बस, पाणी पी," ताई म्हणायची. आणि मग शेजारणीला, "तू पान टाक गं."

सहा फुटांचा माणूस, ज्याच्या एका हाकेवर बंबावरची सगळी माणसं धावत सुटायची, त्याला ही बाई अजून छोट्या म्हणायची. छोट्या पाणी प्यायचा. मग शिंपीणबाई त्याला विचारायच्या, की बदामची राणी टाकू का ठेवू, आणि छोट्याला खूप राग यायचा, पण तो पत्ते बघून सांगायचा, ठेवा.

त्याने सगळे उपाय करून पाहिले. विनवण्या केल्या, आवाज चढवला, अबोला धरला. अबोल्यात ताईचे दोन डाव निवांत झाले. एकदा भंतेजींची जळत्या घराची गोष्टही सांगून पाहिली, निदान हिला तरी लाज वाटेल म्हणून. ताईने पत्ते पिसता पिसता पूर्ण ऐकली आणि एवढंच विचारलं, की पोरांना गाड्या मिळाल्या का शेवटी? साहेबांनी नाइलाजाने कबूल केलं, की मिळाल्या, बोलला त्याहून चांगल्या. "मग बापाला नावं कशाला ठेवतोस," ताई म्हणाली आणि पत्ते वाटायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत साहेब जिना उतरले.

आणि मग एका दुपारी ते जिना चढत असताना त्यांच्या नाकाला तो वास आला. तो वास ओळखण्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. खाली कुणाच्या तरी हातून तापलेली इस्त्री फोमच्या कापावर राहिली होती. काळा धूर भसाभस जिन्यात घुसला. कामगारांनी तो तुकडा ओढून रस्त्यावर फेकला, बादलीभर पाणी ओतलं, आणि जितक्या लवकर सुरू झालं तितक्या लवकर ते संपलंही. पण तेवढ्यात साहेब नाकाला रुमाल लावून दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचले होते. या वयात दोन-दोन पायऱ्या चढायच्या नसतात, ते त्यांच्या छातीने त्यांना लगेच सांगितलं. वर तिघी जणी धुराच्या पातळ ढगात बसल्या होत्या. शिंपीणबाई पदराने वारा घेत होत्या. कंपाउंडरकाकू खोकल्याची गोळी शोधत होत्या. ताई म्हणाली, "खाली काहीतरी करपलं वाटतं. बस, एकच पान राहिलंय हिचं."

साहेब दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.  पोरं बापाकडे नुसती बघतात आणि पुन्हा खेळायला लागतात, हे वाक्य त्यांना आठवलं, आणि ते लिहिणाऱ्याने कुठेतरी अशी रमी पाहिलेली असणार, याबद्दल त्यांची खात्री पटली. त्यांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. हिला मी वाचवू शकणार नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच विहारात गेले. भंतेजी अंगण झाडत होते. साहेबांनी बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं, अंगणातल्या वाळक्या पानांचा ढीग विजेच्या खांबापासून लांब करायला लावला, आणि मग विचारलं, की खोटं बोलू नये ही जी शिकवण आहे, ती अक्षरशः घ्यायची का रूपक म्हणून?

भंतेजी खराटा टेकून हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. साहेब हिरमुसले होऊन उभे. मग त्यांनी सगळं सांगितलं. फोम, जिना, धूर, रमी. ऐकता ऐकता भंतेजींचं हसू गेलं.

"शिकवण अक्षरशःच आहे," ते म्हणाले. "गोष्ट मात्र गोष्ट आहे, तिचा नियम करू नका. एक सांगा. त्या बापाला आपल्या पोरांना कुठल्या गाड्या आवडतात ते ठाऊक होतं. तुमच्या ताईंना काय आवडतं?"

 ताईपासून फोम किती अंतरावर आहे, तिच्या खिडकीची उंची किती, तिला जिना उतरायला किती वेळ लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. तिला काय आवडतं ते त्यांना सांगता येईना. रमी, ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते उत्तर अपुरं वाटलं.

तरी माणूस शिस्तीचा. गाड्या दाखवायच्या ठरल्या, तर त्यांनी गाड्या दाखवायला घेतल्या. पहिल्या दिवशी ते ताईला म्हणाले, की माझ्याकडे तळमजल्याला ऊन छान येतं. ताई म्हणाली, इथे वरपर्यंत येतं ते काय वाईट आहे? पुढच्या खेपेला त्यांनी मोठा टीव्ही घेतल्याचं सांगितलं, आणि घेतला नव्हता म्हणून त्यांचे कान लाल झाले. कंपाउंडरकाकूंनी त्यांना रक्तदाबाची गोळी सुचवली. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी पत्त्यांचा कोरा करकरीत जोड आणला आणि माझ्याकडे याहून चांगले आहेत म्हणाले. ताईने जोड ठेवून घेतला.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो शुद्ध खोटा होता. साहेबांनी तो घरी आरशासमोर म्हणून पाहिला. मला चक्कर येते, डॉक्टर म्हणाले एकटं राहू नका. डॉक्टरांनी प्रत्यक्षात फक्त मीठ कमी करायला सांगितलं होतं. आयुष्यभर जो माणूस आगीच्या तोंडावर खरं बोलला, तो आपल्या ताईच्या घराच्या पायऱ्या खोटं घोकत चढला.

वर डाव चालू होता. ताईचा चेहरा बघून कळत होतं, की आज तिचं जमत आलंय. साहेब खुर्चीत बसले, पाणी न मागता प्याले आणि म्हणाले, "ताई, डॉक्टर म्हणाले..."

पुढचं आठवेना. चक्कर आठवली, पण ती म्हणवेना. तिघी जणी त्यांच्याकडे बघत होत्या. आणि मग जे घोकलंच नव्हतं ते त्यांच्या तोंडून बाहेर आलं.

"संध्याकाळी घरी गेलो की कुलूप मीच काढतो, दिवा मीच लावतो. आणि मग दोन खोल्यांत मी एकटाच असतो. मला तिथं करमत नाही, ताई. नाही करमत."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला. हे खरं होतं. दोन वर्षं ते खरं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ते खाली फरशीकडे बघायला लागले.

ताईने हातातले पत्ते खाली ठेवले. पालथे नाही, उताणेच. जोकरासकट सगळे दिसले. शिंपीणबाई हळहळल्या, अहो, तुमचा तर लागत आला होता. "राहू दे," ताई म्हणाली. मग ती उठली, तिने कपाटावरची पत्र्याची पेटी बघितली आणि म्हणाली, "उद्या सकाळी ये. ती पेटी मला नाही उचलवायची." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली. रमी उद्यापासून साहेबांच्या घरी होईल, तिथे मागचं दार आहे का तेवढं बघा, असं कंपाउंडरकाकू मिश्कीलपणे म्हणाल्या. साहेबांना त्यांचा राग आला नाही.

सकाळी ते लवकर पोचले. सामान फार नव्हतं. एक पेटी, दोन पिशव्या, पांघरुणाचं गाठोडं. पेटी त्यांनी आधी खाली नेऊन ठेवली, पिशव्या नेल्या, आणि मग ताईला आणायला वर आले. कारखाना नुकताच उघडत होता. ताईने खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. साहेब तिच्या एक पायरी खाली, उलटे, हात पुढे करून. आता एक मजला, मग दुसरा, मग रस्ता. त्यांचा जीव कधी एकदा ती रस्त्यावर पाय ठेवते असा झाला होता.

मधल्या मजल्यावर ताई थांबली. जिन्यात आलेला एक गुंडाळा तिने हाताने चाचपला, वरची धूळ झटकली आणि त्यावर चक्क बसली.

"ताई, इथं नाही बसायचं."

"दम लागलाय. बसू दे." तिने पदराने मान पुसली. आजूबाजूला छतापर्यंत फोमच फोम होता. ती तो असा बघत होती, जणू शेजाऱ्याचा निरोप घेतेय. मग तिने विचारलं, "हे आलं नव्हतं, त्याच्याआधी तू किती वेळा यायचास रे?"

साहेबांनी कारणं आठवून पाहिली. ड्यूटी होती. बदल्या होत्या. बायकोचं दुखणं होतं. सगळी खरी होती. वर्षातून एखाद वेळी येणं व्हायचं, तेही उभ्या उभ्या, दारातूनच.

"मालकानं पहिला गुंडाळा उतरवला तेव्हाच मला कळलं होतं, की हे पेटणारं आहे," ताई म्हणाली. "मी काय दुधखुळी आहे? आठ दिवसांत तू आलास. मग एक दिवसाआड यायला लागलास. चिडायचास, ओरडायचास, माझं पाणी प्यायचास. मी चांगल्या जागी गेले असते तर तू निश्चिंत झाला असतास." तिने खालच्या गुंडाळ्यावर थाप मारली. "तू निश्चिंत झालास की येत नाहीस, छोट्या."

 इतक्या जणांना त्यांनी खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं, आणि ही त्यांची ताई त्यांची वाट बघत दीड वर्ष आत बसून राहिली होती. त्यांना लाज वाटली. आणि ती इथे आपल्यासाठी बसली होती याचा एक वेडा आनंदही झाला, त्याची आणखी लाज वाटली. त्या जिन्यात, त्या फोमपाशी, नियमाने क्षणभरही थांबायला नको होतं. ते तिच्या शेजारी त्याच गुंडाळ्यावर बसले. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि त्यांनी तो घेऊ दिला.

बराच वेळ कुणी उतरत नाही म्हणून खालून एका कामगाराने वर डोकावून विचारलं, आजी, काही हवंय का.

"काही नको," ताई म्हणाली. "माझा भाऊ आलाय."